निरगुडीचा अर्क

दर मंगळवारी डॉक्टर लक्ष्मणराव पुण्याहून आगगाडीने येत आणि चिंचवडच्या दवाखान्यात सांधे धरलेल्या माणसांची रांग लागे. निरगुडीचा पाला शेकून गुडघ्याला बांधायचं हे गावात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. पण त्याच पाल्याचा अर्क पोटात घेतला तर सूज आणि ठणका उतरतो का, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. उंदरांच्या सुजलेल्या पंजांवर तो लागू पडला होता. आता पाळी माणसांची होती.

निम्म्यांना अर्क द्यायचा आणि निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच कडू लागणारं, पण औषध नसलेलं पाणी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. गुडघे मोजणाऱ्या डॉक्टरांना ते कळू द्यायचं नाही, नाहीतर टेप धरणारा हात आपोआप आवळला जातो, असं ते म्हणत. ठाऊक असे ते फक्त बाटल्या भरणाऱ्या नर्सला, शालनला. काही बाटल्यांत औषध नसेल हे लोकांनाही सांगितलेलं होतं. पण ती बाटली आपली नसून शेजाऱ्याची, अशी प्रत्येकाची खात्री.

एका मंगळवारी आक्काबाई रांगेत येऊन बसली. आक्काबाई तिच्या नवऱ्याची, ज्योतीरामची आत्या. आई गेल्यावर त्याला हिनेच लहानाचा मोठा केला होता. चिठ्ठी निघाली ती पाण्याची.

पुढचे दिवस शालनला घास गोड लागेना. म्हातारीला चुलीपुढे बसता येत नव्हतं, बसली तर उठता येत नव्हतं. तरी येईल-जाईल त्याला ती सांगे की सून नर्स आहे, तिच्या हातचं औषध आहे, गुण येणारच. पिंपरीच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून ज्योतीराम घरी आला की पहिला प्रश्न आत्याचा. शालन मान खाली घालून भाकरी थापत राही. शेवटी एका सोमवारी तिने आक्काबाईच्या बाटलीत अर्क भरला आणि बाटली रात्री स्वतःच नेऊन दिली. कुणी पाहिलं नाही. परतताना तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्योतीराम सायकल दामटत दवाखान्यात आला. आत्याचं तोंड सुजलंय, श्वास लागलाय, विंचू चावला असावा, असं त्याने धापा टाकत सांगितलं. डॉक्टरांनी बॅग उचलली. शालन त्यांच्यामागून निघाली.

घरात आक्काबाईची सख्खी सून दुर्गाबाई वाकळा झटकून विंचू शोधत होती. म्हातारीचे ओठ फुगले होते, दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या, श्वासाला शिट्टी होती. डॉक्टर तिच्या हातापायांवर नांगीची खूण शोधू लागले. शालन दाराशीच थांबली. नोकरी जाईल, ज्योतीराम काय म्हणेल, आणि खरंच विंचू असला तर? थोडं थांबावं. विंचू सापडेलही.

तेवढ्यात दुर्गाबाईने कोनाड्यातली बाटली घेतली आणि चमचा भरला. नव्या बाटलीतला सकाळी एकच चमचा झालाय, दुपारचा राहिलाय, तेवढा पोटात जाऊ दे, म्हणून ती सासूचं डोकं उचलू लागली.

शालनने पुढे होऊन तिचा हात धरला. चमचा सारवलेल्या जमिनीवर पडला.

"ते देऊ नका. डॉक्टर, आत्याबाईंना पाणी चालू होतं. काल मी अर्क भरला."

डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सुई भरायला घेतली. इंजेक्शननंतर श्वास हळूहळू मोकळा होत गेला. ओठ उतरायला मात्र दिवेलागण झाली.

स्टेशनच्या वाटेवर डॉक्टर शालनला म्हणाले, "तुम्ही बोललात म्हणून दुसरा चमचा टळला. बाटली बदलली नसतीत तर पहिलाही टळला असता."

अर्क घेणाऱ्या सगळ्यांचं औषध त्यांनी त्याच दिवशी थांबवलं. दुसऱ्या दिवशी शालन, कुणाला काही त्रास झाला का, असं घरोघर विचारत फिरली. चिमाजी नावाच्या एका शेतकऱ्याच्या अंगाला आठवडाभर खाज होती. उन्हाने असेल म्हणून तो गप्प बसला होता.

आक्काबाईला शालनने स्वतः सांगितलं. सुजेचं म्हातारीला काही वाटलं नाही.

"म्हंजी इतके दिस मला पानी पाजलंस व्हय?" ती म्हणाली. "आन् मी गावभर तुझं गुण गात हुते."

आक्काबाई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. ज्योतीराम बोलला, पण एवढंच, की मला तरी सांगायचं होतंस. तुम्हालाच तर सांगता येत नव्हतं, असं शालन म्हणाली, आणि ते त्याला पटलं की नाही हे तिला कधी कळलं नाही.

डॉक्टरांनी तिला कामावर ठेवलं. तपासणी पुन्हा सुरू झाली ती कमी मात्रेने, आणि बाटल्या आता पुण्याहूनच भरून, नुसते आकडे घालून येऊ लागल्या. कुठल्या बाटलीत काय, ते शालनला ठाऊक नसे. पहिला चमचा मात्र ती प्रत्येकाला आपल्यासमोर घ्यायला लावी. मग त्याच्या शेजारी बाकावर बसे, पीकपाण्याचं काहीबाही विचारी, आणि बोलता बोलता त्याच्या ओठांकडे पाहत राही.