मौनाच्या तासातला खेळ

देवाने मला आवाज लहान दिला आणि हात स्थिर दिले. दोन्हींबद्दल मी रोज पहाटे त्याचे आभार मानते, कारण माझं पोट हातांवर चालतं. मी दात करते.

औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची लॅब आहे. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आम्ही त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढतो आणि जिथे दात नाही तिथे दात बसवतो. फळीवर ओळीने जबडे मांडलेले असतात. नवा माणूस आला की आमचे मालक म्हणतात, "या बाई बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या आजूबाजूला एवढी तोंडं ठेवलीत." हा विनोद ते कित्येक वर्षं करताहेत आणि मी दर वेळी हसते. माणूस मनाचा मोठा आहे.

माझे नेम साधे आहेत. पहाटे दिवा आणि जप. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन तासभर मौन. दिवसभर घासायच्या यंत्राची घरघर कानांत साचलेली असते, ती या तासात निवते. लेक लहान होती तेव्हा रंगपेटी घेऊन माझ्या पायाशी बसायची. तिचे वडील जहाजावर असतात. मागच्या खेपेला त्यांनी तिला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला, आणि मग तो तास ती हेडफोन लावून आतल्या खोलीत काढू लागली. पुढेपुढे तासाची हद्द राहिली नाही. ताट गार व्हायचं, गृहपाठ तसाच पडायचा. "पाच मिनिटं गं, आई!" त्या पाच मिनिटांना काही बूडच नसायचं. पडद्यावर बंदुका, धूर, पळणारी माणसं. मी दार ओढून घ्यायचे.

अशात एक दिवस शाळेतून फोन आला. माझ्या लेकीने कँटीनमध्ये जेवणाचा ट्रे उचलून वर्गातल्या एका मुलीच्या तोंडावर मारला होता. मुलीचा वरचा पुढचा दात मुळासकट निघाला.

मी शाळेत पोचले तेव्हा मुख्याध्यापिका बाई ओरडल्या नाहीत, याचंही मला बरं वाटलं. त्यांनी लेकीला विचारलं, "का मारलंस?"

लेक बुटाच्या टोकाने फरशी घासत राहिली.

"घरी काय खेळते ही?" त्यांनी मला विचारलं.

"बंदुकांचा गेम आहे," मी म्हणाले.

"मग झालं तर! मुलं बघतात तेच करतात."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. झाल्या प्रकाराला नाव मिळालं होतं, आणि ते माझ्या लेकीचं नव्हतं.

पण लेकच म्हणाली, "गेममुळे नाही."

"मग कशामुळे?"

तिने तोंड फिरवलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सोमवारी दोन्ही घरच्यांसमोर माफी माग, आणि कारण सांग. कारणच कळलं नाही तर उद्या आणखी कुणाचा दात जाणार नाही, हे मी कशावरून मानू? नाही सांगितलंस तर दुसरी शाळा बघावी लागेल."

वाटेत मी तिला म्हटलं, "अगं, सांगून टाक ना."

"माफी मागेन. कारण नाही सांगणार. तुला तर अजिबात नाही."

घरी आल्यावर मी तो गेम काढला, वायरी गुंडाळल्या, जुन्या चादरीत बांधून देवाच्या फळीखालच्या कप्प्यात ठेवला. आणि दिवा लावून नेम घेतला, की हिचा गेम सुटेपर्यंत माझ्या चहात साखर नाही. मला गोड चहाचं किती वेड आहे हे देवाला आणि मालकांना चांगलं ठाऊक आहे.

नंतरचे दिवस वाईट गेले. लेक घरभर येरझारा घालायची. रिकाम्या हातातसुद्धा तिचे अंगठे हलत असायचे. इकडे साखरेवाचून माझं डोकं ठणकायचं. दोघी आपापलं ताट घेऊन वेगवेगळ्या खोलीत जेवायचो.

शुक्रवारी लॅबमध्ये एक माप आलं. कोवळा जबडा, वरचा पुढचा एक दात नाही. वाढीचं वय आहे, म्हणून तूर्त काढता-घालता येईल असा दात हवा होता. शाळेतला प्रकार मी मालकांना सांगितला होता; त्यांनी चिठ्ठीवरचं मुलीचं नाव वाचलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, हा मी करू का?"

"नको. मला करू द्या."

पुढच्या दाताचा रंग दिवसाच्या उजेडात, माणसाला समोर बसवून जुळवावा लागतो. दुपारी ती मुलगी आली. तिची आई खाली औषधं घेत होती. मुलगी तोंडावर हात धरून खिडकीपाशी बसली. मला ओळखून तिचे डोळे मोठे झाले.

"काकू, तुम्ही?"

"मीच. हात काढ, बाळा."

तिने हात काढला. ती फट मी आधी नीट बघून घेतली. मग नमुन्याच्या दातांची रंगपट्टी घेऊन तिच्यातला एकेक दात शेजारच्या दाताशी लावून पाहू लागले. त्या शेजारच्या दातावर एक बारीक पांढरा ठिपका होता.

"नव्या दाताला तो ठिपका नको हं काकू," ती म्हणाली. "घाण दिसतो."

"नसला तर तो दात पाहुण्यासारखा दिसेल. असू दे."

ती जरा हसली, लगेच तोंड मिटलं. मग म्हणाली, "ती कधी येणार?"

"कोण?"

"तुमची. ऑनलाइन. आमची टीम अडकलीय तिच्यावाचून. मी तिला इतके निरोप टाकले, काही उत्तरच नाही."

मी पट्टी खाली ठेवली. "तू तिच्याबरोबर खेळतेस?"

"रोज! मी घुबड. म्हणजे मला घुबड म्हणतात, मी उंचावर बसून लांबचं बघते. आणि ती आमची डॉक्टरीण. कुणी पडलं की गोळ्या चालू असताना धावत जाते आणि त्याला उचलते."

"ती मारत नाही?"

"मारते की! पण काकू, तिने मारायला घेतलं की फक्त भिंती मरतात."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी विचारून बसले, "मग तुला का मारलं गं तिने?"

तिने मान खाली घातली. बोटांनी फ्रॉकची शिवण उसवू लागली.

"चूक माझीसुद्धा आहे. आम्ही हरलो होतो, तिच्यामुळे. कँटीनमध्ये मी चिडून सगळ्यांसमोर बोलले, की हिच्याशी हिची आईसुद्धा बोलत नाही, देवाशी बोलते." तिने शिवणीचा एक दोरा ओढून काढला. "ते तिनेच मला सांगितलं होतं. खेळताना. कुणाला सांगू नकोस म्हणाली होती."

खालून तिच्या आईने हाक मारली. मी तिचा खांदा थोपटला आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." ती गेल्यावर मी प्लास्टरचा जबडा पुढे ओढला आणि ठिपक्याची जागा पेन्सिलीने टिपून ठेवली. मालकांनी माझ्यासमोर चहा ठेवला, फिका, आणि निघून गेले.

त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले, दिवा लावला. मौनाची वेळ झाली होती. लेक आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी देवाला म्हटलं, तुझ्याशी मी पहाटे बोलेन, आत्ता मला सोड. मग खालच्या कप्प्यातलं गाठोडं उचलून आत गेले.

"ऊठ. वायरी कुठे लावायच्या ते मला कळत नाही."

ती ताडकन उठून बसली. "तू बोलतेयस?"

"बोलतेय."

"तुझा तास चालू आहे ना?"

"तो पहाटे हलवला. तुला नाहीतरी पहाटे माझी गरज नसते, तू घोरत असतेस."

तिने माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं. "घुबड भेटली तुला."

"भेटली."

मग ती रडली. "मी तसं म्हणायला नको होतं, आई. मला तसं म्हणायचं नव्हतं. आणि मला तिला एवढ्या जोरात मारायचंही नव्हतं."

"म्हणायचंच होतं," मी म्हणाले. "मला म्हणायला हवं होतंस, एवढंच. आणि मारलंस ते मारलंस. ते पुसता येत नाही. दात मी करून देईन, माफी तुझी तुला मागावी लागेल. कारणही सांग. मला चालेल."

तिने वायरी जोडल्या. दुसरा रिमोट माझ्या हातात देऊन तो धरायला शिकवलं आणि पडदा दोघींत अर्धा-अर्धा केला. मोठ्या आवाजात टीव्हीतून घुबडीचा आवाज आला, "आलीस? अगं, आलीस?" "आईपण आहे," लेकीने सांगितलं. मी खेळात उतरले आणि एका गाडीमागे उभी राहते तोच पडले.

"काकू, एवढ्यात?" घुबड ओरडली. "जरा डोकं तरी खाली घालायचं!"

लेक हसत, नाक ओढत माझ्याकडे धावली. पडद्यावर ती माझ्याजवळ गुडघ्यावर बसली, चहूकडून गोळ्या येत होत्या, आणि ती मला उठवत होती. तशातच ती म्हणाली, "घुबडे, सॉरी. दाताबद्दल. खरंच सॉरी."

"माझं पण. त्या बोलण्याबद्दल," पलीकडून आवाज आला. "आता हल तिथून, मरशील!"

सोमवारी लेकीने ते वाक्य सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना तिने माझा हात धरला होता. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि शाळा बदलायची गरज नाही म्हणाल्या. पण महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून कँटीन आवरायची शिक्षा दिली. ती योग्यच होती. घुबडीच्या आईचा राग काही एका सकाळी जाणार नव्हता. ती माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्या मागे लागले नाही. पण घुबड तोंडावर हात न धरता उभी होती. शनिवारीच मी तिचा दात करून पाठवला होता; ठिपका ठिपक्याशेजारी नीट बसला होता.

गेम चांगला की वाईट, मला सांगता येणार नाही. तो लेकीला धरून ठेवायचा हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिने स्वतःच आता दिवा लागण्याआधी तो बंद करायचा ठरवलं आहे. कधी पाळते, कधी "पाच मिनिटं गं" म्हणते. मग मी दारात उभी राहून कोण पडलंय, कोण उठलंय ते विचारते, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा येऊन ती लवकर उठते.

परवा संध्याकाळी तिने चहा केला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "साखर घातलीय. आधीच सांगते."

"अगं, माझा नेम!"

"तो माझ्यासाठी घेतला होतास ना? मग सोडायचा की नाही, मलाही विचार."

मी देवाकडे बघितलं. दिवा शांत जळत होता. पहिला घोट घेतला तर साखर जरा जास्तच झाली होती. देवाचे आभार मानून मी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि तासभर आम्ही दोघी बोलत बसलो.