निकॉन, कॅनन आणि पुनाभाऊंचा डब्बा

मी एक लाकडी स्टँड बोलतोय. तीन पायांचा, डोक्यावर पितळी स्क्रू असलेला. फोटोवाले ज्याच्यावर कॅमेरा बसवतात, तो मी. फोटोत मी कधीच येत नाही, म्हणून तुम्ही मला पाहिलं असेल तरी लक्षात ठेवलं नसेल. त्याचं काही नाही.

पारोळ्याच्या बन्सीलाल मिस्त्रीनं मला केलं. त्याचा हात बैलगाड्यांवर बसलेला. त्यानं माझे पाय इतके जाड काढले, की मला न्यायला आलेले पुनाभाऊ फोटोवाले बघतच राहिले.

"मिस्तरी, यावर कॅमेरा ठेवना शे का ज्वारीनं पोतं?"

"ठेव रे भो. जपाननी बठ्ठी कंपनी आनीसन बसाडी दे, मोडाव नही."

मिस्त्री सहज बोलून गेला, पण झालं तसंच. बराचसा जपान माझ्या डोक्यावर बसून गेला.

मला शाळा नाही. कॅमेऱ्यावरची अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण डोक्यावर कोण बसलंय ते मी वजनावरून सांगतो, आणि फोटो निघाला की आवाजावरून पक्कं करतो.

पहिली आली ती याशिका. चौकोनी, एकावर एक दोन भिंगं. वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. लोक तिला डब्बा म्हणत. आवाज एवढा हलका, की गिऱ्हाईक म्हणायचं, "काढा ना भाऊ आता," आणि फोटो तर केव्हाच निघालेला असायचा. पुनाभाऊंची बायको नर्मदाबाई स्टुडिओ झाडायला आली की डब्ब्याचं झाकण उघडून त्यात रस्ता बघत बसायची. रस्त्यावरची माणसं आत उलटीकडे चालतात, याचं तिला भारी हसू यायचं.

मग रंगीत रोल आले, आणि डोळ्याला लावायचे छोटे कॅमेरे आले. लग्नात पोरं डब्ब्याला हसायला लागली. पुनाभाऊंनी ठरवलं, नवा कॅमेरा घ्यायचा. पण एकच घेता येणार होता, आणि तो कुठला, हे काही ठरेना.

संध्याकाळी स्टुडिओच्या ओट्यावर त्याचीच चर्चा. शेजारी हनीफचं सायकलचं दुकान. त्याच्या भावानं कुवेतहून त्याला निकॉन आणून दिला होता. हनीफला फोटो काढता यायचा नाही, पण कॅमेरा टॉवेलात गुंडाळून रोज आणायचा आणि माझ्यावर बसवायचा. जामनेरहून पुनाभाऊंचे साडू देवचंद यायचे, त्यांचा स्टुडिओ होता आणि त्यांच्याकडे कॅनन.

"निकॉन म्हणजे लोखंड," हनीफ म्हणायचा. "मोटरसायकलवरून पडला, तर मोटरसायकलला लागेल."

"मंग रस्त्याले खड्डा पाडाले ले तो," देवचंद म्हणायचे. "कॅनन हातात तर घे. उजेडाचा हिशेब आपला आपण करतो. तू फक्त दाब."

"आणि सेल संपला तर?"

"तुना डोकाना सेल संपना तर तू काय करस?"

मी आपला दोघांनाही डोक्यावर घेऊन उभा. निकॉन पाटलासारखा बसायचा, भारदस्त. बटण दाबलं की खटाक, जशी कुणी दाराची कडी लावली. कॅनन जावयासारखा. हलका, देखणा, थोडे लाड करून घेणारा. मध्येच पुनाभाऊंनी जळगावच्या दुकानदाराकडून बघायला म्हणून एक पेंटॅक्स आणला. तो म्हणजे शेतातून सरळ आलेला पाहुणा. पाणी द्या न द्या, पाट द्या न द्या, बसला की बसला. त्याचा आवाज जरा जाडाभरडा, पण मला बरा वाटला. एकदा एक मिनोल्टाही अर्धा दिवस बसून गेला. इतका अदबीनं बसला, की उठून गेला तेव्हाच कळलं तो होता म्हणून.

पुनाभाऊ सकाळी पेंटॅक्सच्या बाजूचे, दुपारी निकॉनच्या, आणि साडू आले की कॅननच्या. नर्मदाबाई एकदा चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मना लगीनले बी इतला इचार नही करा तुम्ही."

पुनाभाऊंनी चहा बशीत ओतला.

अशात हसीनाबी आल्या. मोहल्ल्यातल्या मोठ्या, सगळ्यांच्या खाला, म्हणजे मावशी. त्यांच्या नातीचं, सिताराचं लग्न ठरलं होतं, धुळ्याला द्यायची होती.

ही सितारा पहिल्यांदा स्टुडिओत आली, तेव्हा माझा पाय धरून उभं राहायला शिकत होती. त्यानंतर दर ईदला नवे कपडे घालून यायची आणि पुनाभाऊ डब्ब्यानं तिचा फोटो काढायचे. एकही ईद चुकली नाही. पुनाभाऊंना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे हे लग्न दुसऱ्या कुणाच्या हातात जाणं त्यांना सोसणारं नव्हतं.

"काम तेरेकोच दूँगी, पुना," हसीनाबी म्हणाल्या. "पन निकाह है. निकॉन होना."

"निकॉनच का, खाला?"

"निकाह का कॅमेरा निकॉन. नामच बोल रहा."

"खाला, ते जपानच्या कंपनीचं नाव शे. निकाहशी काय संबंध?"

"जपानवालों को मालूम, और मोहल्ले में रहके तेरेको मालूम नहीं?"

शेजारी हनीफ सायकलच्या चाकामागं तोंड लपवून हसत होता. पण निकॉन त्याचाच, त्यामुळे त्यानं खालांचीच बाजू घेतली.

जाता जाता खाला दुसरं सांगून गेल्या. आता सितारा मोठी झाली. नवरीच्या खोलीत कुणी मर्द येणार नाही, पुनासुद्धा नाही. बायकोला फोटो काढता येत असेल तर ठीक. नाहीतर धुळ्याला एक फोटोवाली बाई आहे, तिला बोलावणं धाडते.

झालं. हनीफचा निकॉन मागून आणला आणि माझ्यापुढे पुनाभाऊंच्या हाताखाली नर्मदाबाईची शाळा सुरू झाली.

"इकडे डोया लाव. दुसरा मिट."

"हा, मिटना."

"दोन्ही मिटनात. एकच मिट."

"मना डोया संगेच मिटतस. त्याले मी काय करू?"

खरंच होतं. एक मिटला की दुसरा आपोआप मिटायचा. ती भाकरी थापताना सराव करायची, नळावर सराव करायची. शेवटी डावा डोळा एकटा मिटायला लागला, पण त्याच्याबरोबर तोंड वाकडं व्हायचं आणि भुवई कपाळात जायची. पुनाभाऊ म्हणाले, "चाली. फोटो तुना थोडीच काढना शे."

लग्नाच्या दिवशी मला नवरीच्या खोलीत उभं केलं. जाळीच्या खिडकीतून दुपारचा छान उजेड येत होता. पुनाभाऊंनी निकॉन बसवला, गादीवर सितारा बसणार तिथं उशी ठेवून सगळं जुळवलं आणि बाहेर पुरुषांत गेले. मग सिताराला आणून बसवलं. मान इतकी खाली, की मला तिच्या ओढणीची जरीची किनारच दिसत होती. खोली बायकांनी गच्च.

नर्मदाबाई घाबरली होती. डोळा आयत्या वेळी दगा देईल म्हणून तिनं तो आधीच मिटून घेतला, आणि तसाच चेहरा करून नवरीकडे बघत माझ्याकडे चालत आली.

एक छोटी पोरगी ओरडली, "दादी, फोटोवाली आँख मारती!"

सगळ्या बायकांनी माना वळवल्या. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ए बाई!" हसीनाबी उठून उभ्या राहिल्या. "निकाह के घर में आँख मारती? वो बी दुल्हन को?"

"आवं खाला, मी नही मारस!" नर्मदाबाईनं निकॉनकडे बोट केलं. "हाऊ माराले लावस!"

"ऐसा बेशरम कॅमेरा?"

"त्याले लाज नही, पन मले शे ना! डोया मिटा बिगर त्यामा दखाताच येत नही."

हसीनाबींनी पदर सावरला. "बस हो गया. उसको बाहर मर्दों में भेजो. मैं धुलेवाली को बुलाती."

नर्मदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःचं काही नव्हतं. बाहेर पुनाभाऊंना काय सांगायचं, ते होतं. माझे पाय जाड, पण मलाही कसंतरी झालं.

तेवढ्यात खाली घातलेल्या मानेतून बारीक आवाज आला. "दादी, धुलेवाली बी आँखच मारेगी."

हसीनाबी थांबल्या.

"पुना चाचा का डब्बा है ना," सितारा मान न उचलता म्हणाली. "उसमें आँख नहीं मारते. नीचे देखते."

खालांनी निकॉनकडे एक नजर टाकली. मग दाराशी जाऊन हाक दिली, "पुना! तेरा निकॉन ले जा. डब्बा भेज."

पुनाभाऊंनी डब्बा पिशवीत बरोबर आणलेलाच होता. तो दारातून आत आला. डोक्यावर त्याचं ओळखीचं वजन पडलं, नर्मदाबाईनं माझे पाय आत सरकवून मला तिच्या कमरेइतकं बुटकं केलं, झाकण उघडलं आणि मान खाली घातली. दोन्ही डोळे उघडे. तिला बरं वाटलं. आतलं उलटं दिसणं तिच्या सवयीचं होतं, झाडता झाडता झालेलं.

आता मी जे पाहिलं ते सांगतो. कॅमेऱ्याला डोळा लावून कुणी रोखून बघत असलं, की नवरी आणखीच खाली बघते. पण नर्मदाबाई बघत होती डब्ब्यात, जमिनीकडे. बायका बघत होत्या नर्मदाबाईकडे, ही आता काय करते म्हणून. सिताराला वाटलं, आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही. तिनं हळूच मान वर केली. ती खोली बघितली, दादी बघितली. ओठांवर मघाचं हसू दाबून धरलेलं, आणि डोळे भरलेले.

टिच. इतकं हलकं, की मला सोडून कुणाला कळलं नाही.

फोटो आला तेव्हा सितारा धुळ्याला गेलेली होती. हसीनाबी तो हातात धरून स्टुडिओत किती वेळ बसल्या.

"ये ऊपर कब देखी?"

"मले काय माहीत, खाला," नर्मदाबाई म्हणाली. "मी तं खाले दखी राहिंती."

पुढे पुनाभाऊंनी पेंटॅक्स घेतला, आपल्या कामाला. बायकांच्या खोलीत मात्र नर्मदाबाई डब्बा घेऊन जायची, आणि मी तिच्याबरोबर. आता व्हिडिओवाले आलेत, त्यांचा ॲल्युमिनियमचा स्टँड एका हातात उचलता येतो. मी मागच्या पडद्याशी उभा असतो, कुणी माझ्यावर टोपी अडकवतं. हनीफ आणि देवचंद अजून भांडतात, कोणता भारी. मला कुणी विचारत नाही.

तुम्ही विचारलंच, तर सांगतो. निकॉनला मान द्या, कॅननचे लाड करा, पेंटॅक्सला कुठेही न्या, सगळे गुणी आहेत. पण लेक घरातून निघायच्या आधी एकदा मान वर करून बघणार असेल, तर माझ्या डोक्यावर याशिका ठेवा. आणि मग थोडा वेळ कुणीही तिच्याकडे बघू नका.