सशाची समाधी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर शांतीगुरूंनी एका पांढऱ्या सशाला उताणं केलं, पोटावरून हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटले. ससा थिजला. पाय वर, डोळे टक्क उघडे.

"समाधी!" गुरू गरजले. "कालपासून हा अन्नाला शिवला नाही. आत क्रोध साठला होता. बघा, कसा विरघळला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत आमच्या शेजारचे पोस्टमनकाका डोळे पुसत होते. ससा त्यांचा. काकू गेल्यावर घरात बोलायला तेवढाच उरला होता.

माझी धाकटी बहीण जनावरांची डॉक्टर. ती ताडकन उठली. "अगं, बस खाली!" मी म्हणालो, पण ती कसली ऐकतेय! मंचावर जाऊन तिने सशाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काकांना बोलावून नळ्या त्यांच्या कानात घातल्या.

"रोज कुशीत घेता, तेव्हा असंच धडधडतं?"

"छे गं! हे तर छाती फुटेल असं पळतंय!"

"ही शांती नाही काका, भीती आहे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला ससा असाच मेल्यासारखा पडतो. उताणं केलं की झालं, मंत्र लागत नाही." तिने सशाला सरळ बसवलं. "गुरुजी, आता न उलटता करून दाखवा."

"सभेत अविश्वासाची कंपनं आहेत..."

"करा, करा!" लोक ओरडले.

गुरू पुटपुटले. सशाने त्यांच्या रेशमी कफनीवर मुतून घेतलं आणि उडी मारून काकांच्या पायाशी गेला. सभागृह हसून लोळलं.

"पण मग हा खात का नाही?" काका रडकुंडीला आले.

"घरी काय करतो?"

"गवत तोंडात घेतो नि टाकतो. कोपऱ्यात अंग चोरून दात करकरवतो."

"म्हणजे भूक आहे, दुखतंय. चला दवाखान्यात, ससा उपाशी राहिला तर फार टिकत नाही."

दाढेचं वाढलेलं टोक जिभेत रुतत होतं. भूल देऊन तिने ते घासलं. दुसऱ्या दिवशी ससा कोथिंबिरीची अख्खी जुडी फस्त करून बसला, आणि तो परीक्षेत पहिला आल्यासारखं काका सगळ्यांना सांगत सुटले.

मुकं जनावर त्याच्या वागण्यातून बोलतं. ते नीट बघा, डॉक्टरला सांगा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर टाळीसाठी हात उचलण्याआधी एवढंच विचारा: हे झालं कसं?