तीन दाढांचा डबा

माझा थोरला भाचा कवळ्या बनवतो. त्याच्या हातची कवळी एवढी पक्की, की आमच्या गल्लीतला एक म्हातारा वारला तरी त्याची कवळी पुढे आठवडाभर वाटीत बसून सुनेला टोमणे मारत होती. खोटं वाटत असेल तर सुनेला विचारा.

तर अशा माणसाने आईसाठी यंत्र केलं, तेव्हा ते दातांचंच होणार. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. झटक्याने ताईची वाचा गेली, उजवं अंग गेलं; उरला डावा हात आणि डोक्यातली सगळी भांडणं. थोरला राहतो त्याच्या कवळ्यांच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत, तिथला जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी. म्हणून ताई धाकट्याकडे, तळमजल्यावर. धाकटा एका कंपनीचे हिशेब बघतो, घरूनच, ताईच्या शेजारच्या खोलीत दार लावून.

त्याने सरळ सांगून टाकलं, "दादा, तिला हाक मारता येत नाही आणि मला सारखं डोकावता येत नाही. सोमवारी वृद्धाश्रमात जागा होतेय. त्याआधी काही सोय झाली तर बघ, नाहीतर तिकडे."

थोरल्याने सोय केली. कवळीच्या गुलाबी मसाल्याचा डबा, पोटात बाजारातून आणलेलं ब्लूटूथचं चिमुकलं सर्किट, आणि बटणांच्या जागी तीन दाढा. एक दाबली की जोडलेला फोन बोलायचा, "पाणी." दुसरीला, "दुखतंय." तिसरीला, "ये रे." आवाज थोरल्याचाच भरलेला. फोनच्या यादीत पटकन ओळखू यावा म्हणून डब्याला नाव दिलं, 'आई'.

पहिल्या दिवशी डबा धाकट्याच्या फोनवर पोपटासारखा बोलला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मुका. थोरला हातातलं काम टाकून धावत आला.

"सेल बदललेस?" मी विचारलं.

"बदलले."

"फोन बंद करून चालू केलास?"

"मामा, ते सगळं झालं. पेअर होत नाही म्हणतोय."

"दादा, एकदा दात घासून बघ त्याचे," धाकटा म्हणाला.

थोरल्याने डबा उघडला, फुंकला, मिटला, खिडकीत नेला, पलंगाखाली नेला. ताई उशीला टेकून बघत होती. शेवटी त्याने कपाळावर हात मारला. त्याच्या खिशातलाच फोन! डबा बनवताना आधी स्वतःच्या फोनला जोडून पाहिला होता, आणि डबा एका वेळी एकाच फोनचा. म्हणजे हा दुरुस्तीला दारात आला रे आला, की डबा जुन्या ओळखीने याच्याच खिशाकडे धावणार. आता तो फोनमधून काढून टाकायला हवा. त्याने यादी उघडली, बोट लावलं, आणि फोनने विचारलं:

'आई' विसरायचे?

खाली दोन शब्द. रद्द करा. विसरा.

थोरल्याने बोट 'विसरा'पाशी नेलं, मागे घेतलं. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, "मामा, तुम्ही दाबा."

"अरे, यंत्र आहे ते."

"माहीत आहे. तुम्ही दाबा."

मी दाबलं. डबा पुन्हा धाकट्याच्या फोनला जोडला, ताईने दाढ दाबली, शेजारच्या खोलीत फोन बोलला. थोरला शीळ घालत गेला.

रविवारी सकाळी मी ताईपाशी बसलो होतो. तिने तिसरी दाढ दाबली. भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला, "ये रे." कोणी आलं नाही. माझा चहाही राहिला होता, म्हणून मीच उठून धाकट्याच्या खोलीत शिरलो. त्याची नजर कंप्यूटरवर. डाव्या अंगठ्याने त्याने फोन उघडला, यादी काढली, 'आई'वर तोच टेकवला. फोनने विचारलं. मान न वळवता त्याने उत्तर दिलं. डास मारतानासुद्धा माणूस जरा नेम धरतो हो!

"काल पण तूच?"

"मग काय करू, मामा? दिवसभर 'ये रे, ये रे'. आणि उठून जावं तर तिला काहीच नको असतं. नुसती तोंडाकडे बघत बसते."

"मग बसावं की घडीभर."

"दादा का नाही येत बसायला? डबा दिला की सुटला. वर त्याच्याच आवाजात हुकूम! लहानपणापासून तेच ऐकतोय."

"हे त्याच्या तोंडावर सांग."

"तुम्हीच सांगा. बघू, तुमचं कितपत खरं मानतो."

मी तसाच कारखान्यात गेलो आणि घडलं तसं सांगितलं, तिखटमीठ न लावता. थोरल्याने कवळी घासता घासता मान हलवली. "मामा, तुमच्या गोष्टींना आम्ही लहानपणी खूप हसलो. पण सख्ख्या भावावर नका रचू."

सोमवारी गाडी दारात उभी राहिली. ताईला खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर डबा. थोरल्याने धाकट्याचा फोन घेऊन यादी पाहिली.

"नावच टिकत नाही यात. सर्किट हलकं निघालं."

"तू खूप केलंस, दादा," धाकटा म्हणाला. आवाज कसा, लोण्यासारखा.

माझ्याने राहवेना. "अरे, मला खोटा ठरव. पण हिला तर विचार!"

थोरला तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "आई, खरं सांग. डबा चालत होता ना?"

ताईने मुलाकडे पाहिलं. डावा हात उचलला आणि तिसरी दाढ दाबली. फोन गप्प. तिने पुन्हा दाबली. मग तिन्ही दाढा, एकामागून एक, अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत.

"बघितलंत, मामा?" थोरला म्हणाला. "माझंच काम कच्चं." त्याने हळूच तिचं मनगट धरलं. "नको दाबूस, आई. बिघडलंय ते."