डिटला डिट

पानिपतची चादर, निळी, घडीच्या खुणा अजून न गेलेली. ती रेडिओवर घालतात.

फिनलंडमध्ये एका माणसानं बटाटे काढले. जमीन ओली होती म्हणे.

विमान येतंय. वाक्य अर्धं ठेवा. गेलं. बोला.

फोन लागला की इंटरनेट नाही. इंटरनेट लागलं की फोन नाही.

वृंदाताई एकसष्ट वर्षांच्या आहेत. जगभरातले पुरुष त्यांना 'ओल्ड मॅन' म्हणतात.

पंधरा ऑगस्टचा पतंग, ऑक्टोबरमध्ये, गच्चीवर.

*

या सगळ्यामधून एक तार जाते. तांब्याची, जेमतेम सात मीटर, दिल्लीतल्या द्वारकेच्या सेक्टर दहामधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या दोन टाक्यांमध्ये ताणलेली. साल २००२. तिच्या मध्यातून एक केबल खाली, वरच्या मजल्यावरच्या वृंदाताईंच्या बंदिस्त बाल्कनीत उतरते. तिथे रेडिओ आहे.

वृंदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. हौशी रेडिओचं लायसन्स त्यांनी नोकरीत असतानाच काढलं. त्या माइकवर बोलत नाहीत, मोर्सनं बोलतात, लांब आणि आखूड टोल्यांनी. टोल्याला बाईचा गळा नसतो. त्यामुळे पलीकडचा प्रत्येक जण त्यांना या छंदातल्या रिवाजाप्रमाणे 'ओल्ड मॅन' म्हणतो. त्यांनी कुणालाच कधी सुधारलं नाही. "भूगोलाच्या बाईला जगानं बुवा समजलं, तर बिघडलं कुठे?"

बिघडलं ते गच्चीवर. पंधरा ऑगस्टला दिल्लीभर उडणारे मुलांचे पतंग अडकतात, टाकी धुणारे अडखळतात, तार काढा, असं सोसायटीचे सेक्रेटरी चड्ढाजी म्हणाले. पण माणूस न्यायाचा. "आपका क्लब बता दे, इस तार की ज़रूरत है कि नहीं। है तो रहेगी। संडे की मीटिंग में बात ख़त्म।"

क्लब म्हणजे राजीव. पुण्याहून आलेला, गुडगावला सॉफ्टवेअरमध्ये, राहायला याच सोसायटीत, बी विंगला. क्लबचा सेक्रेटरी तोच. आणि राजीवच्या मते गरज नव्हती.

*

शनिवारी दुपारी, चहाबरोबर:

"काकू, गच्चीवर हातभर दांडी लावू, खाली कॉम्प्युटर, इंटरनेटला जोडलेला. ब्राझीलचा माणूस समोर बसल्यासारखा बोलतो. खरखर नाही, काही नाही."

"मध्ये टेलिफोनची वायर आहे."

"असू दे ना यार! माणसं महत्त्वाची की वायर? आपली जगभरची बिरादरी आहे, ती माणसांची आहे."

"बिरादरी!" इंद्रजितला हसू आलं. तो मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या फॅक्टरीत इंजिनियर. शनिवार-रविवारी रेडिओच्या स्पर्धा खेळतो. "स्पर्धेत मी ढीगभर देशांशी बोलतो. फाइव्ह नाइन, थँक यू. फाइव्ह नाइन म्हणजे तुमचा आवाज एकदम उत्तम येतोय. मग तो येत नसला तरी फाइव्ह नाइन. कारण रिवाज. सगळं जग एकमेकांशी सभ्यपणे खोटं बोलतंय. ही तुमची बिरादरी."

"खोटं तू बोलतोस. जगाला कशाला मध्ये आणतोस?" राजीव म्हणाला.

"मी इतकी वर्षं ऐकतोय," वृंदाताईंचे यजमान दत्तात्रय चिवड्याची बशी ठेवत म्हणाले, "हे लोक जगाशी बोलतात आणि सांगतात काय, तर इथे ऊन आहे, तिथे पाऊस आहे. ते तर दूरदर्शन पण सांगतं."

"काका, तुम्ही क्लबात या. तिघांच्या तीन पार्ट्या आहेतच, चौथी काढू," इंद्रजित म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं!"

राजीव हसला नाही. "पण काकू, खरंच, फरक काय पडतो?"

"तुझ्या कॉम्प्युटरवर यादी येते. कोणाशी बोलायचं ते तू निवडतोस. म्हणजे तो फोन झाला. मी हाक मारते. कोणाला, ते मला माहीत नसतं. ओ कोण देईल, तेही—"

विमान. सगळे थांबले. विमान गेलं.

"तार गेली तर मी बंद करीन, राजीव. चादर घालीन आणि ठेवून देईन."

"उद्या विचारलं तर मी खरं तेच सांगणार. रागवू नका."

"खरंच सांग."

*

संध्याकाळ. पाहुणे गेलेले. वृंदाताई फिनलंडच्या माणसाशी बोलत होत्या. बटाटे, ओली जमीन, गुडघेदुखी.

मोर्सवर गप्पा संपल्या की शेवटी एक जण एकच आखूड टोला देतो: डिट. पलीकडचा उत्तर देतो: डिट. दार लोटून घ्यावं तसं. कोणी डिट दिलं आणि आपण ते परत केलं नाही, तर तो उर्मटपणा.

वृंदाताईंनी डिट दिलं. उत्तर लगेच आलं.

डिट.

मग, जरा वेळानं, फिनलंडचं सावकाश डिट. तो गेला.

म्हणजे पहिलं कोणाचं?

वृंदाताईंनी त्या पहिल्याला, रिवाज म्हणून, एक दिलं.

डिट.

"कोण आहे?" दत्तात्रयांनी विचारलं.

"नाव सांगत नाहीये. नुसतं डिट. आणि किती चटकन! मी बोट उचलते न उचलते तोच." त्यांनी पुन्हा दिलं. पुन्हा आलं. "निरोप संपतच नाहीये."

"दारात उभं राहून तासभर बोलणारा दिसतोय. आपल्यातलाच कोणीतरी."

आपल्यातलाच. वृंदाताईंनी इंटरकॉम उचलला. "राजीव, चावटपणा पुरे."

"मी? काकू, माझ्या सेटला तो बँडच नाही! मी तर इंद्रजितबरोबर मॅच बघतोय."

"मग दोघं वर या. कोणीतरी माझी थट्टा करतंय."

*

आले. वृंदाताईंनी हेडफोन काढून आवाज स्पीकरवर घेतला आणि मोर्सची की दाबली.

डिट. डिट.

राजीवनं सेटच्या मागचा तारेचा प्लग उपसला. "आता द्या."

डिट.

पलीकडून काही नाही. प्लग लावला.

डिट. डिट.

"माणूस इतक्या लवकर उत्तर देऊच शकत नाही," राजीव म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

इंद्रजित पुटपुटत होता. "चाळीस हजार किलोमीटर. भागिले, सेकंदाला तीन लाख..." तो थांबला. "सेकंदाचा सातवा भाग."

"कसले चाळीस हजार?" दत्तात्रयांनी विचारलं.

जन्मभर हा आकडा फळ्यावर लिहिलेल्या बाईंनी सावकाश सांगितलं.

"पृथ्वीचा घेर."

त्यांनी की दाबली.

डिट

सेक्टर दहाच्या गच्चीवरून उत्तरेला, पानिपतच्या वरून, हिमालय पायरीसारखा ओलांडून, सायबेरियावर जिथे दिवस मावळतोय त्याच रेषेवरून, ध्रुवाजवळून, पलीकडे जिथे त्याच क्षणी उजाडतंय तिथे, कॅनडाची गव्हाची शेतं, मेक्सिकोत कोणीतरी नुकतं जागं, मग पाणी, पाणी, पाणी, बर्फ, पुन्हा पाणी, आणि दक्षिणेकडून, आपल्याच समुद्रावरून, आपल्याच दाराशी

डिट.

बोट अजून वर उचललेलंही नाही.

"म्हणजे काकू," राजीव हळूच म्हणाला, "तुम्ही स्वतःलाच निरोप देत होता. पलीकडे कोणीच नव्हतं."

"कोणीच कसं नव्हतं? वाटेत सगळेच होते."

"कोणी ऐकलं नाही पण," इंद्रजित म्हणाला.

"तुला काय माहीत?"

इंद्रजित स्पीकरकडे बघत राहिला, जणू तिथून कोणी बाहेर येणार होतं.

"मी देऊ एक?" राजीवनं विचारलं. त्याला मोर्स येत नव्हतं. त्याच्या लायसन्सला ते लागत नव्हतं.

"माझ्या नावावर जाईल. एकच दे. नीट दे."

त्यानं पँटला बोट पुसलं. डिट. आणि ते आलं. जसं गेलं तसंच, थोडं घाबरट, थोडं लांबलेलं. ते वृंदाताईंचं नव्हतं, त्याचंच होतं. ओळखू येत होतं.

"आत्ता मी..." तो म्हणाला आणि वाक्य तिथेच राहिलं. विमान नव्हतं.

वृंदाताईंनी पुन्हा की दाबली. डिट.

नुसती खरखर. बाहेर अंधार पडला होता. मावळतीची रेषा पुढे सरकली होती. त्यांनी आणखी एकदाही प्रयत्न केला नाही. सेट बंद केला.

*

रविवारी मीटिंगमध्ये चड्ढाजींनी विचारलं, "हाँ राजीवजी, बताइए। तार की ज़रूरत है?"

वृंदाताई दुसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर.

"ज़रूरत तो नहीं है," राजीव म्हणाला.

वृंदाताईंनी मान डोलावली. खरंच सांग म्हणाल्या होत्या.

"फिर भी रहने दीजिए।"

"ये क्या जवाब हुआ भाई?"

"शाम को ऊपर आइए। सुन लीजिए।"

"क्या सुनूँ?"

राजीवला ते सांगता येईना. त्यानं वृंदाताईंकडे पाहिलं. त्यांनीही खांदे उडवले.

चड्ढाजी संध्याकाळी आले. त्या दिवशी काहीच परतलं नाही. डिट गेलं आणि गेलंच. नुसती खरखर, अधूनमधून तिच्यात बुडणारे, वर येणारे कोणाकोणाचे बारीक टोले. राजीव ओशाळला. चड्ढाजी मात्र हेडफोन लावून बसून राहिले. चहा निवला.

"ये सब बाहर का है?" त्यांनी विचारलं. "इतना सब?"

"सब बाहर का," वृंदाताई म्हणाल्या.

"और मेरे सर के ऊपर से रोज़ जाता है?"

"ऊपर से भी, अंदर से भी।"

चड्ढाजींनी हेडफोन उतरवला, पण खाली ठेवला नाही. "थोड़ा ऊँचा बँधवा लो तार को," ते म्हणाले. "बच्चों की पतंग फँसती है।"

जिन्यात राजीव वृंदाताईंना म्हणाला, "काकू, माझं मत तेच आहे हं. माणसं महत्त्वाची."

"माझंही तेच आहे," वृंदाताई म्हणाल्या. "ये उद्या, भांडू."

*

ती तार १९९८च्या जानेवारीत, 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणणाऱ्या दत्तात्रयांनी एकट्यानं बांधली. वृंदाताई त्या आठवड्यात मेरठला बहिणीकडे होत्या.