बिनआवाजाचे बोल

यंत्रमागांच्या अखंड गर्जनेत एकतीस वर्षे काढलेल्या आजीचे कान निवृत्तीपूर्वीच निकामी झाले होते. कारखान्यात कुणाचे बोलणे ऐकू येत नसे. म्हणून तेथील बायका आवाज न काढता, केवळ ओठ ठळक हलवून एकमेकींशी सुखदुःखे बोलत. ती सवय आजीच्या अंगात एवढी मुरली होती, की घरीही तिचा कंठ क्वचितच उघडे.

जन्मतःच आईला मुकलेल्या तिच्या दोन वर्षांच्या नातीचे, ठकीचे, अवघे विश्व म्हणजे आजी आणि सुताची रिकामी रिळे. आजी रीळ घरंगळत सोडी, ओठ हलवी. ठकीही ते परत ढकली, ओठ हलवी. दोघींचे मेतकूट जमले होते. परंतु ठकीच्या मुखातून रडण्यावाचून स्वर निघत नसे.

आजीच्या मुलाने, ठकीच्या बापाने, बोलावलेल्या वाचातज्ज्ञ बाईंनी तो खेळ तासभर पाहिला. मग त्या आजीसमोर बसून सावकाश म्हणाल्या, "आजी, पोरगी गप्प नाहीये. बोलतेय ती. तुमच्यासारखीच, बिनआवाजाची."

आजी कौतुकाने हसली. मग अर्थ उमजला, आणि ते हसू तिच्या मुखावरच विझले.

"रीळ आलं की मोठ्यानं 'आलं' म्हणा. मग थांबा. तिच्या उत्तराची वाट बघा."

"एक महिना," मुलगा म्हणाला. "नाहीतर ठकी मावशीकडे. आई, तिथं माणसं बोलतात तरी. आपल्याकडं नुसता मूकपट!"

आजीने जिवाचे रान केले. परंतु स्वतःचा आवाजच ऐकू न येणाऱ्या त्या कंठातून 'आलं' निघे, ते मागांवर मात करणाऱ्या आरोळीसारखे. ठकी दचके, रडे; पुढे तर आजीचे तोंड उघडताच पलंगाखाली शिरे. हळू बोलू जावे, तर आवाज फुटला की नाही हेच आजीला कळेना.

"निघाला का रे?"

"नाही, आई."

महिना सरला. ठकीची पिशवी भरली. बापाच्या कडेवरून तिने दारात मागे वळून ओठ हलवले, 'आजी, चल.'

ते वाचणारी पृथ्वीतलावर एकच होती. उत्तर आजीच्या ओठांवर आलेही, तसेच बिनआवाजाचे. तोच तिने तळहाताने स्वतःचे तोंड घट्ट झाकून घेतले.

जिना उतरेपर्यंत ठकी वाट बघत राहिली.