पाठमोरं दान

फाल्गुनातली ती सायंकाळ. पश्चिमेच्या ताम्रवर्ण क्षितिजावर चंद्राची कोर दिसली. कृश, पांडुर, नखाच्या कडेएवढी. देवळाच्या पारावर कुणी म्हणालं, बीज दिसली. मशिदीच्या गच्चीवर कुणी म्हणालं, चाँद दिसला. कोर एकच होती बापडी. खाली जलहीन नदी, निष्पर्ण बाभळी, आणि उन्हानं भाजून काढलेलं धूलिधूसर गाव.

खैरूनबी अत्तार अंगणातल्या खाटेवरून ती कोर पाहत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. हृदय थकलेलं, पाय सुजलेले. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, यापुढं एकही रोजा धरायचा नाही. वैशाखवणव्यातले रोजे जिनं हसत हसत धरले, तिनं आता साऱ्या गल्लीचे ओठ सुकलेले असताना भरदुपारी भाकरी मोडायची? बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मशिदीतल्या हाफिजजींनी वाट दाखवली. ज्याच्यानं आजारापायी रोजा होतच नाही, त्यानं प्रत्येक रोज्यामागं एका भुकेल्याला पोटभर जेवू घालावं. त्याला फिदया म्हणतात. आपले दिवस थोडे राहिलेत, हे खैरून ओळखून होती. एकही रोजा अपुरा न ठेवता तिला अल्लापुढं उभं राहायचं होतं. बस, एवढंच मागणं उरलं होतं तिचं.

आणि भुकेलं माणूस शोधायला लांब कशाला जायचं? महादेवाच्या देवळामागं, पडक्या ओवरीत अंबाक्का गुरवीण राहत होती. ऐंशीची, निपुत्रिक, एकाकी. नवरा होता तोवर देवापुढचं तांदूळ-खोबरं घरात येई. नवा पुजारी आला आणि चूल थंडावली. गाव तिला नमस्कार करी. जेवलीस का, असं कुणी विचारत नसे.

खैरूननं नवं पातेलं आणलं, ज्याला मांसाचा वासही लागलेला नाही असं. अंबाक्का ते ऐकून बोळक्या तोंडानं हसली. "अगं, भुकेला कसलं आलंय सोवळं! पण फुकटचं कसं खाऊ मी?"

"फुकटचं नाही, अक्का. तू जेवलीस तर माझा रोजा पुरा होतो. उपकार तुझेच."

"मग आण बाई. तुझ्या रोज्यासाठी जेवते."

पश्चिमेला ऊन कलू लागे. रस्त्यावरची धूळ सुवर्णपिंगट होई. देवळाच्या कळसावर पारवे घुमू लागत. मग पदराखाली ताट झाकून खैरून येई. ज्वारीची ऊनऊन भाकरी, डाळ, भात, वर शेवयांची खीर. ताट पायरीवर ठेवी, विचारपूस करी, आणि पाठ फिरवून चालू लागे. तिच्या आईची शिकवण होती: देणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या घासावर पडू नये, घास लाजतो. खैरूननं जन्मात ती मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पायरीवर ते ताट तिची वाट पाहत असे. घासलेलं, लखलखीत, रिकामं. ते रिकामेपण पाहिलं की तिचा जीव भरून येई. झाला आणखी एक रोजा, या अल्ला, कबूल कर.

होळीच्या आधीची गोष्ट. ताट ठेवता ठेवता खैरूनचा श्वास अडकला. ती पायरीवरच कोसळली. ओठ नीलवर्ण, कपाळ घर्मबिंदूंनी थबथबलेलं. अंबाक्कानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं वारा घातला, आणि गाभाऱ्याकडं तोंड करून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. श्वास परतला. काय पुटपुटली ते खैरूननं विचारलं नाही, अंबाक्कानं सांगितलं नाही.

आणि नवल असं, की त्या दिवसापासून खैरूनला उतार पडत गेला. पायांची सूज ओसरली. रात्री झोप लागू लागली. सून म्हणाली, "अम्मी, तोंडावर तेज आलं की तुमच्या!" खैरून म्हणाली, भुकेल्याची दुवा लागली. पायरीवर रोज अंबाक्का विचारी, "श्वास कसा आहे गं आज?" बरा आहे म्हटलं की म्हातारीचे निस्तेज डोळे क्षणभर उजळत.

ती मात्र वाळत चालली होती. गालांचे खळगे खोल झाले, मनगटं काटकुळी झाली, आवाज विरत गेला. खैरूननं ते पाहिलं नाही असं कसं म्हणावं? पाहिलं. तिनं डाळीत तूप वाढवलं, भाकरी वाढवली.

"एवढं खातेस, जातं कुठं गं तुझं?"

"जातंय योग्य ठिकाणी," अंबाक्का म्हणाली. "तू नको काळजी करू."

दोघी हसल्या. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, आणि खैरून नेहमीसारखी पाठ फिरवून गेली.

कृष्णपक्ष सरत आला. चंद्र पुन्हा झिजत झिजत नाहीसा होऊ लागला. अशाच एका धगधगत्या, निर्वात संध्याकाळी खैरून आली, तर पायरीवर ताट नव्हतं. पायरीवर बसला होता लूकसबाबा; चर्चच्या आळीतला आंधळा म्हातारा, ज्याचे हात एके काळी तिथली घंटा वाजवत. पावलांची चाहूल लागताच त्यानं ओंजळ पुढं केली.

"आज उशीर केलास, अंबाक्का. आमचेही उपासाचे दिवस आहेत बाई. तुझ्या या एका जेवणावर दिवस काढतो मी."

खैरून ताट घेऊन त्याच्यापुढं आली. "रोज तू जेवतोस? हे ताट?"

"कोण, खैरूनबी? हो की. होळीच्या आधीपासून. ती म्हणायची, माझं पोट भरलं, हे उरलंय, तू खा."

तिनं ओवरीचं दार ढकललं. आत अंधार, राखेचा गारठा, आणि चटईवर अंबाक्का. एवढीशी. धुतल्या लुगड्याची घडी ठेवावी तशी. उशाशी तांब्यात महादेवाचं तीर्थ, त्यावर बेलाचं पान. दुसरं काही नाही. अन्नाचा कण नाही.

"अक्का! अगं काय केलंस हे?"

पापण्या उघडल्या. "सांगू नये गं. उपास बोलून दाखवला की फळत नाही." शब्द मोठ्या कष्टानं येत होते. "त्या दिवशी महादेवाला म्हटलं, खैरूनचं दुखणं उतरू दे. रमजान संपेतोवर अन्नाला शिवणार नाही. तुझ्या वाटचा उपास मी धरला, पोरी. आणि तुझं ताट वाया नाही घालवलं हो, भुकेल्यालाच दिलं. तू बरी झालीस ना?"

खैरूनला वाटलं, आपलं हे बरं झालेलं काळीज उपटून हिच्यापुढं टाकावं. तिनं खिरीत बोट बुडवून त्या शुष्क, विवर्ण ओठांना लावलं. "नको गं मला असलं बरं होणं! खा. माझी शपथ आहे, एक घास खा."

खीर ओठांच्या कडेनं ओघळली. अंबाक्काचे डोळे तिच्याकडं पाहत होते, समाधानानं, स्निग्धपणे, आणि मग ते पाहत नव्हते. बाहेर पारवे घुमत राहिले. खैरूननं त्या हलक्या, अस्थिशेष देहाला छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला. "मी बघायला हवं होतं गं. एकदा तरी वळून बघायला हवं होतं!"

मशिदीवरून मगरिबची बांग उठली. गावभर खजुरानं रोजे सुटले, पाण्याचे पेले ओठांना लागले. देवळात सांजवात लागली. चर्चच्या आळीत कुणी प्रार्थना म्हणू लागलं. उपासांनी तापलेल्या गावावरून सायंकाळ मंद पावलांनी उतरू लागली.

खैरून ताट घेऊन बाहेर आली. लूकसबाबा भिंतीला टेकून थिजला होता. त्यानं सारं ऐकलं होतं. तिनं भाकरी मोडली, डाळीत भिजवली, घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं ओठ घट्ट मिटले.

"नको. तिच्या तोंडचं खाल्लं मी. आणखी आहे का म्हणून विचारायचो गं तिला."

"बाबा, खा."

"नाही उतरायचं."

"खा रे बाबा!" खैरून रडत ओरडली. "दोघींचा उपास तुझ्या पोटात आहे. तू उपाशी राहिलास तर ती नुसतीच उपाशी मेली!"

आंधळ्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. ओठ विलग झाले. तिनं घास भरवला. तो चावत राहिला, हुंदके देत राहिला; आणि खैरून त्याच्या सुरकुतल्या गळ्याकडं एकटक बघत राहिली, घास उतरेपर्यंत, मग पुढचा उतरेपर्यंत, ताटातला शेवटचा उतरेपर्यंत.